वाटपाचे मोजे

चर्रर्र असा आवाज झाला आणि घरातली शांतता मोडली.

सईच्या बुटाची चिकटपट्टी. शनिवारची दुपार होती, साडेतीन वाजले असतील. रात्रपाळी करून आलेला माझा नवरा सिद्धेश आतल्या खोलीत झोपला होता, म्हणून मी भांड्याला भांडं लागू न देता ओट्यावरचे डबे पुसत होते. सईच्या शाळेची सहल भामचंद्राच्या डोंगरावर गेली होती. एरवी सई यायच्या आधी तिचा आवाज गल्लीतून येतो. आज ती दाराबाहेरच्या पायरीवर कधी येऊन बसली ते मला कळलंच नाही. एक बूट तिने काढला होता. दुसऱ्याला ती हात लावत नव्हती.

"काय गं, आज बोलत नाहीस?"

"बोलते की," ती म्हणाली, आणि बोलली नाही.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. पायात नवा मोजा होता, राखाडी, घोट्याजवळ केशरी पट्टा. आठवड्यातले सहा दिवस मी हेच मोजे बघते, त्यामुळे पहिल्यांदा काही वेगळं वाटलंच नाही. मग लक्षात आलं, केशरी पट्ट्याचा मी कधी घरी आणलेला नाही. बोटांच्या टोकाशी तांबूस डाग पडला होता. मी मोजा ओढायला गेले तर सईने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. मोजा कातडीला चिकटला होता.

पातेल्यात कोमट पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि तिचे पाय मोज्यांसकट त्यात सोडले. ती डोळे मिटून बसली. मी म्हटलं, आपण पायांचा चहा करतोय, जरा उकळू दे. ती म्हणाली, साखर नको घालू, मुंग्या येतील. सहा वर्षांची आहे. दुखत असताना आईची समजूत कशी घालायची ते तिला येतं, आणि ते तिला येऊ नये असं मला वाटतं.

दहा मिनिटांनी मोजे सुटले. दोन्ही करंगळ्या आणि शेजारची बोटं सोलली होती. फोड येऊन फुटले होते आणि बोटांवर आडवी लाल रेघ होती, पट्टी धरून मारावी तशी सरळ. मी मोजा उलटा केला. आत बोटांच्या जागी सुतळीसारखी जाड, कडक कड होती. आणि त्या कडेत जांभळा धागा.

"बघ," सई म्हणाली, "तुझाच आहे."

ती हसत होती.

जांभळा धागा म्हणजे काय, ते सांगते.

निघोज्याच्या रस्त्याला आमचा मोज्यांचा गाळा आहे. डोंगर चढणाऱ्यांचे मोजे आम्ही करतो. गोल मशीनमधून मोजा विणून पडतो तेव्हा त्याची बोटांकडची बाजू उघडी असते. ती बंद करणं हे आम्हा बायकांचं काम, त्याला लिंकिंग म्हणतात. एक गोल तबकडी असते, तिच्या कडेने बारीक काटे. विणीचं एकेक घर, म्हणजे धाग्याचा एकेक फासा, एकेका काट्यावर चढवायचं, एका बाजूचं आणि समोरच्या बाजूचं. एक घर चुकलं की तिथून मोजा उसवतो. सगळी घरं चढली की धागा फिरतो आणि दोन्ही बाजू अशा मिळतात की आतून बोट फिरवलं तर शिवण कुठे आहे ते कळत नाही. एका जोडाला चार मिनिटं लागतात, हात बसलेला असेल तर तीन. डोंगरावर सात-आठ तास चालणाऱ्या पायाला ती चार मिनिटं कळतात.

आतला धागा प्रत्येकीचा वेगळा. मोजा कुठे उसवला तर कुणाचा ते कळावं म्हणून. गिरजाबाईंचा हिरवा, माझा जांभळा. गिरजाबाई चऱ्होलीच्या, साठीला आलेल्या. मला काम त्यांनीच शिकवलं. सुरुवातीला मी घरं सोडायचे तेव्हा त्या म्हणायच्या, "काट्याकडं बघू नगं पोरी, घराकडं बघ. काटा कुठं पळून जातोय व्हय?" तीन वर्षांत माझा एक मोजा परत आलेला नाही. बाजूला काढलेले, रंग कमी-जास्त झालेले जोड कधी घरी मिळतात, ते मी सईला आणते. ती रोज सकाळी मोजा घालण्याआधी उलटा करून बघते. जांभळा दिसला की घालते. हिरवा असेल तर म्हणते, हा गिरजाआजीचा, चालेल.

गाळ्याच्या मालकीण पद्मजाताई. पिंपळे सौदागरला राहतात, त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर कायम दोर आणि हेल्मेटं असतात. आधी मोठ्या कंपनीत नोकरीला होत्या, ती सोडून हे सुरू केलं. आमच्या पाकिटाच्या मागे त्यांची गोष्ट छापलेली आहे: पहिल्याच गडावर मोज्याच्या शिवणीने त्यांच्या बोटांना फोड आले, अर्ध्यातून परत यावं लागलं, आणि त्या दिवशी त्यांनी ठरवलं की असा मोजा करायचा ज्यात शिवण बोटाला लागणार नाही. त्याखाली दुसरी ओळ आहे. तुम्ही एक जोड घ्या, एक जोड आम्ही डोंगराखालच्या मुलांना देऊ.

दोन वर्षं दोन्ही जोड सारखे होते. वाटपाचा आणि विक्रीचा ढीग आम्ही एकाच तबकडीवर करायचो आणि शेवटी पॅकिंगला वेगळे व्हायचे. मग खप वाढला. जेवढा खप, तेवढंच वाटप. दिवाळीनंतर एक ओव्हरलॉक मशीन आलं आणि पद्मजाताईंनी गिरजाबाईंना सांगितलं की वाटपाचे यावर मारा. ओव्हरलॉक म्हणजे घरं मोजायची नाहीत, काट्यावर चढवायचं नाही. दोन बाजू जोडून सुईखाली सरकवल्या की वीस सेकंदांत मोजा बंद. आत कड राहते. पण बंद तर होतो.

गिरजाबाई त्या दिवशी उठल्या. आपली कोन, म्हणजे हिरव्या धाग्याचं रीळ, पदरात गुंडाळली आणि पॅकिंगच्या टेबलाला जाऊन उभ्या राहिल्या. "ज्याला माझा धागा लागत न्हाई ते माझ्या हातनं नगं," एवढंच म्हणाल्या. मला हसू आलं होतं. म्हातारीचा तोरा, असं मी घरी येऊन सिद्धेशला सांगितलंही. त्यांची जागा रिकामी झाली म्हणून ओव्हरलॉक माझ्याकडे आलं.

ओव्हरलॉकला ओळखीचा रंग लागत नाही. कुणी मला जांभळा लावायला सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती म्हणून मी कोन चढवली, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. निदान आत काहीतरी माझं दिसेल. रोज शेकडो जोड मी त्या सुईखाली सरकवले. भाजीला काय करायचं, सईचा दात हलतोय, सिद्धेशची शिफ्ट बदलली तर पाणी कोण भरेल, असा विचार करत सरकवले. कड लागत होती हाताला. हाताला लागलेलं पायाला लागेल, एवढं कळायला फार शिकावं लागत नाही. बॉक्सवर नुसता क्रमांक असायचा. कुठल्या शाळेत जाणार ते कागद पद्मजाताईंच्या लॅपटॉपवर.

तर सईच्या शाळेत आमचे वाटपवाले गुरुवारी आले होते. बॅनर लावून, फोटो काढून. 'एक दिवस डोंगरावर' असा त्यांचा कार्यक्रम असतो, आधी मोजे द्यायचे आणि मग त्याच मोज्यांत मुलांना डोंगर चढवायचा. सईने दप्तरात जोड लपवून ठेवला. मी सकाळी सातच्या आधी निघते, तेव्हा सिद्धेश रात्रपाळीहून येतो आणि तिचं आवरून देतो. त्याला तिने शपथ घातली होती की आईला सांगायचं नाही, मी डोंगरावर घालून जाणार आणि मग दाखवणार.

पाय पुसून हळद लावता लावता मी बाकीचं काढून घेतलं. पहिल्या चढालाच मुलं मोजे टोचतात म्हणायला लागली. बाईंनी सांगितलं, ज्याला टोचतंय त्याने काढा आणि नुसत्या बुटावर चला. बहुतेकांनी काढले. सईने काढले नाहीत. कारण ती सगळ्यांना सांगून बसली होती की हे माझी आई करते आणि आईचा धागा टोचत नाही.

"मग टोचलं तेव्हा काय केलंस?"

"चालले."

"सांगायचं ना बाईंना."

"मग त्यांना वाटलं असतं ना तू वाईट करतेस."

मी पातेलं उचलून मोरीत नेलं आणि पाणी ओतलं. ते गुलाबी होतं. मोरीत उभी राहून मी बराच वेळ नळ सोडून ठेवला.

सिद्धेश उठला. सईचे पाय बघून आधी तो घाबरला, मग चिडला, मग मोजा हातात घेऊन फिरवत बसला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, फुकटच्या वस्तूत एवढं बघायचं नसतं, कंपनीत आम्हाला सेफ्टी शूज देतात तेही चावतात, आठवडाभर चावतात मग पाय निबर होतात. मी त्याला विचारलं, हिचे पाय निबर करायचेत का? त्याने मोजा खाली ठेवला. त्याचा दोष नव्हता. पण त्या संध्याकाळी मला सगळ्यांचाच राग येत होता, त्याचा, शाळेचा, त्या बाईंचा. म्हणजे माझा सोडून सगळ्यांचा. माझा राग यायला रविवार उजाडला, आणि मग तो सगळ्यांहून मोठा होता.

सोमवारी अकराला पद्मजाताई आल्या. मी केबिनमध्ये गेले आणि मोजा टेबलावर ठेवला. धुतला नव्हता.

"हे काय गं?"

"सईचा आहे ताई. आपल्या वाटपातला."

त्यांनी आधी सईचं विचारलं, हे मी खोटं सांगणार नाही. डॉक्टरला दाखवलं का, जंतुसंसर्ग व्हायला नको, मलम आहे माझ्याकडे. मनापासून विचारलं. मग म्हणाल्या, तुझी मुलगी त्या शाळेत आहे हे मला माहीतच नव्हतं, सांगायचंस ना.

"सांगितलं असतं तर?"

"तर तिला विक्रीतला जोड दिला असता. थांब." त्यांनी खण उघडला, दोन पाकिटं काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "हे घे. तिच्या मापाचे आहेत. आणि पुढच्या वर्षीही लागले तर सांग."

पाकीट उलटं पडलं होतं. मागची गोष्ट वर होती, पहिल्या गडाची, फोडांची.

"आणि तिच्या बाकावर बसते त्या मुलीला?" मी विचारलं.

पद्मजाताई खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, जसं त्या फोनवर लोकांना सांगतात तसं. लिंकिंगवाल्या बायका मिळत नाहीत, सगळ्या वायरिंगच्या कंपन्यांत जातात. आपण लिंकिंगसाठी अडून बसलो तर वाटपच बंद पडेल. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. आणि ही मुलं काय रोज डोंगर चढतात का, घरात घालतील, थंडीत झोपताना घालतील, ऊब तर मिळते.

"डोंगरावर तुम्हीच नेलंत त्यांना," मी म्हटलं.

त्यांनी खण ढकलून बंद केला. मी घरून ठरवून आले होते तेवढं मला बोलायचं होतं. शनिवारी मावळातल्या चार वाड्यांवर वाटप होतं, त्याचे दोनशे चाळीस जोड बाहेर बॉक्समध्ये भरून तयार होते. ते सगळे माझ्या हातचे. मी म्हटलं, "ताई, त्या लॉटमध्ये माझा धागा आहे. तो तसा जाता कामा नये."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, एवढंच ना? अगदी बरोबर बोललीस. ओव्हरलॉकला रंग लागतोच कुठे? उद्यापासून पांढरा लाव. कुणाचं नाव यायलाच नको."

त्यांना खरंच वाटलं की प्रश्न सुटला.

मला वाटलं होतं की मी रडेन. मी अशा वेळी रडते, आणि मग समोरचा पाणी देतो आणि विषय संपतो. पण डोळे कोरडे होते आणि कानशिलं तापली होती. पांढरा लावला असता तर काय झालं असतं, ते मला समोर दिसत होतं. सईने मोजा उलटा करून पाहिला असता, जांभळा नाही, हिरवा नाही, आणि पहिल्या चढालाच इतरांसारखा काढून टाकला असता. तिची बोटं वाचली असती. तिची बोटं सोलली ती मी लावलेल्या रंगामुळे. आणि त्यावर ताईंचा उपाय असा की मोजा तसाच ठेवायचा आणि रंग काढायचा.

मी विक्रीची पाकिटं टेबलावरच ठेवली आणि बाहेर आले. बॉक्स भिंतीशी रचलेले होते. सगळ्यात वरचा खाली घेतला, पट्टी फाडली, जमिनीवर पालथा केला. मोज्यांचा ढीग झाला. टेबलावरची कात्री घेतली, पहिला मोजा उलटा केला आणि कडेच्या खाली कापला. बोटांकडचा तुकडा मांडीवर पडला. दुसरा कापला. तिसरा. कापलेला मोजा वाटता येत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढचं काही नव्हतं.

मशीनवरची पोरं बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, वहिनी, डोकं फिरलं का. सहावा की सातवा मोजा कापत होते तेव्हा माझ्या शेजारी हिरवी कोन टेकली. गिरजाबाई खाली बसत होत्या, गुडघ्यावर हात देऊन, नेहमीसारख्या कण्हत.

"आण इकडं," त्या म्हणाल्या. "कापायचं तर नीट काप. कडंला चिकटून कापशील तर घरं पळत्याल. शिवणीच्या दोन वळी खाली घे. मग उसव. मग साफ घरं मिळत्यात, काट्यावर चढत्यात."

"मोजा आखूड होईल मावशी."

"पाव इंच. पोरांचा पाय काय फुटपट्टी लावून वाढतो व्हय?" त्यांनी आपल्या गळ्यातली, दोरीला बांधलेली कात्री काढली. पहिला मोजा हातात घेतल्यावर त्यातला जांभळा धागा त्यांनी नखाने वर काढून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. दिवाळीपासून त्यांना बोलायचा हक्क होता. त्यांनी धागा सोडला आणि कापायला घेतला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पद्मजाताई दारात आल्या. "काय चाललंय हे?"

"दुरुस्ती," गिरजाबाई वर न बघता म्हणाल्या.

"शनिवारी वाटप आहे. लोक ठरलेत, गाड्या ठरल्यात."

"मग शनिवारी द्यू. न्हाई झालं तर फुडच्या शनिवारी. वाड्या काय तिथनं उठून जाणार हायत्या?"

पद्मजाताई माझ्याकडे वळल्या. "स्वरूपा, तुझं मला समजतंय. पण हे असं मालाचं नुकसान करणं… तू माझ्याशी बोलायला हवं होतंस."

"बोलले ताई. तुम्ही पांढरा लावायला सांगितलात."

कापलेला एक तुकडा त्यांच्या चपलेशी येऊन पडला होता, तो त्यांनी उचलला. आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा, सावकाश. मला वाटलं, आता त्यांना पहिला गड आठवेल. आठवलाही असेल. त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा लॉट पूर्ण कर. मग आपण बोलू." आणि केबिनचं दार लावून घेतलं.

मग आपण बोलू म्हणजे काय, ते गाळ्यात सगळ्यांना कळतं. गेल्या वर्षी ताई एकाशी असंच बोलल्या होत्या, तो आता रिक्षा चालवतो.

त्या आठवड्यात मी आणि गिरजाबाई दोन तबकड्यांवर बसलो. उसवलेली घरं चढवायला नव्या मोज्याहून जास्त वेळ लागतो, कारण वीण कापल्यावर घरं घाबरल्यासारखी अंग आत ओढून घेतात. एकेक बाहेर काढावं लागतं. गिरजाबाईंनी हिरवा लावला. मी कोन हातात घेऊन थोडा वेळ बसले आणि मग जांभळाच लावला. रोजचं काम सांभाळून शनिवारपर्यंत दीडशे झाले. वाटप एक आठवडा पुढे गेलं. बॅनर छापून आला होता, त्यावरच्या तारखेवर कागद चिकटवला. पद्मजाताई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या आणि मी त्यांच्याशी. सिद्धेश म्हणाला, जरा गोडीत घ्यायचं होतं, एका पगारात भाडं नि शाळा कसं भागवायचं. त्याचं बरोबरच होतं. मी त्याला म्हटलं, मला गोडीत घेता येत नव्हतं. तो म्हणाला, ते दिसलं. मग रात्रपाळीला जाताना मोजे घालण्याआधी त्याने आत बोट घालून शिवण कुठे आहे ते चाचपलं. मी पाहिलं नाही असं त्याला वाटलं.

वाड्यांचे जोड थांबले. पण सईच्या शाळेत गेलेले गेले होते. ते मी पद्मजाताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, दिलेलं परत कसं मागायचं, बरं दिसत नाही. ते मात्र मलाही पटलं. मुलाच्या हातात दिलेली वस्तू काढून घ्यायला कोण जाणार, आणि कुठल्या तोंडाने.

आज त्यानंतरचा रविवार. दुपारचं जेवण झालं, सिद्धेश झोपला. सईच्या बोटांवर नवी कातडी आली आहे, गुलाबी, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. ती पाय ओढत नाही आता. ती दप्तर घेऊन माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, डोळे मीट. मी मिटले. माझ्या मांडीवर काहीतरी मऊ, ढिगाने पडलं.

मोजे. राखाडी, केशरी पट्ट्याचे. काही धुतलेले, काहींना डोंगराची माती तशीच. आठवडाभर तिने वर्गात फिरून गोळा केले होते आणि दप्तरात वह्यांखाली लपवले होते. प्रत्येक जोडाला रबर लावलेलं आणि त्यात वहीच्या पानाची चिठ्ठी, तिच्या मोठ्या वाकड्या अक्षरात नाव.

"मी सांगितलं सगळ्यांना," ती म्हणाली, "माझी आई नीट करून देते. समर्थचा एकच आहे, दुसरा कुत्र्याने नेला. दिव्याचे दोन्ही आहेत. गणराज म्हणाला मला नकोच तुझ्या आईचे, पण मी त्याच्या बॅगेतून घेतले."

"न विचारता?"

"नीट केले की परत ठेवणार ना."

अकरा जोड आणि एक मोजा. तबकडी गाळ्यावर आहे, घरी नाही. पण सुईने घरात घर घालून जोडायची जुनी रीत गिरजाबाईंनी मला एकदा दाखवली होती, मशीन बंद पडलं होतं त्या दिवशी. वेळ लागतो. एका मोज्याला अर्धा तास. मी सुईचा डबा काढला, खिडकीशी सरकले आणि समर्थचा एकटा मोजा आधी घेतला. कड कापली, दोन ओळी उसवल्या. उसवलेला धागा नागमोडी होऊन सईच्या हातात गेला, तो ती बोटाला गुंडाळत बसली. ती माझ्या गुडघ्याला टेकली होती. केसांना अजून शिकेकाईचा वास होता. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर धूत होतं.

अर्धा मोजा झाल्यावर तिने हात आत घालून बघितलं. शिवण शोधली, सापडली नाही. पुन्हा शोधली. "नाहीच आहे," म्हणाली, आणि खूश झाली. मग तिने दिव्याचा, अजून न कापलेला, हातात घेतला. उलटा केला. कडेतला जांभळा धागा बोटाने चाचपला. बराच वेळ तिचं बोट त्या कडेवरून इकडून तिकडे फिरत राहिलं.

"आई."

"हं."

"तू हे मशीनवर शिवत होतीस ना, तेव्हा हे कुणासाठी होते?"